‘टीएमटी पॉझिटिव्ह’ आल्यावर अँजिओग्राफीची घाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्य तपासणीत ट्रेडमिलवर चालवून काढलेल्या ईसीजीच्या (टीएमटी) अहवालावर ‘पॉझिटिव्ह’, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडत असल्याची शंका, असा शेरा आला की घरात अँजिओग्राफीसाठी धावपळ सुरू होते आणि त्या शेऱ्याखेरीज कागदावरचे दुसरे काही कोणी वाचत नाही. वास्तविक निर्णयाला उपयोगी पडणारा मजकूर आकड्यांच्या रकान्यांत असतो: रुग्ण किती मिनिटे चालला, छातीत दुखले का, रक्तदाब चढला की उतरला, ईसीजीच्या आलेखातील ‘एसटी’ हा भाग किती मिलिमीटर खाली गेला. दहा मिनिटे कोणत्याही तक्रारीविना चालून शेवटी एक मिलिमीटरचा बदल दाखवणारा आणि तिसऱ्याच मिनिटाला छाती आवळून रक्तदाब घसरलेला, असे दोघेही ‘पॉझिटिव्ह’च ठरतात.

यातील दुसऱ्याने वेळ दवडू नये. बसल्याजागी छातीत दुखू लागले तर कोणीच दवडू नये. पहिल्याला मात्र विचाराला अवधी असतो. ब्रूस पद्धतीच्या चाचणीत (ट्रेडमिलचा वेग व चढ टप्प्याटप्प्याने वाढवणारी नेहमीची पद्धत) चाललेल्या मिनिटांतून एसटी बदलाच्या मिलिमीटरांची पाचपट आणि छातीदुखीच्या गुणांची (दुखले नाही तर 0, दुखले तर 1, दुखण्यामुळे थांबावे लागले तर 2) चौपट वजा केली की धोका सांगणारा ड्यूक स्कोअर निघतो. तो 5 किंवा अधिक असेल तर धोका कमी, उणे 11 किंवा त्याखाली असेल तर जास्त मानतात. इतके सोपे गणित अहवालावर छापलेले नसेल, तर ते डॉक्टरांना विचारण्यात संकोच कसला? शिवाय स्त्रियांमध्ये, उच्च रक्तदाबाने हृदयाचा स्नायू जाड झालेल्यांमध्ये आणि डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध घेणाऱ्यांमध्ये ही चाचणी अनेकदा फसवी निघते.

अशा वेळी स्ट्रेस इको (हृदयावर ताण देऊन केलेली सोनोग्राफी) किंवा थॅलियम स्कॅनने (किरणोत्सारी द्रव्य टोचून काढलेली हृदयाची चित्रे) रक्तपुरवठा खरोखर कमी पडतो का ते कळते, तर सीटी अँजिओग्राफीत (हृदयापर्यंत नळी न घालता सीटी स्कॅनने केलेली तपासणी) रक्तवाहिन्या निर्दोष दिसल्या तर मोठा अडथळा जवळजवळ नाकारता येतो. अर्थात तिला किरणोत्सर्ग आणि कॉन्ट्रास्ट (शिरेतून टोचायचे, वाहिन्या उठून दाखवणारे द्रव्य) लागतो. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा वाहिन्यांत कॅल्शियम फार साचले असेल, तर ती सोयीची नाही.

2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ या संशोधनात, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा स्थिर आजार असलेल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांत, आधी फक्त औषधांवर ठेवण्याऐवजी औषधांसोबत सुरुवातीलाच अँजिओग्राफी व गरजेप्रमाणे स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) वा बायपास केल्याने मृत्यू किंवा हृदयविकाराचे झटके कमी झाल्याचे दिसले नाही. ज्यांना छातीदुखीचा त्रास होता त्यांना मात्र अधिक आराम मिळाला. डाव्या मुख्य धमनीत गंभीर अडथळा असलेले आणि हृदयाची ताकद फार घटलेले रुग्ण त्यात नव्हते, हे विसरून चालणार नाही.

तरीही अँजिओग्राफी ठरलीच, तर संमतिपत्रावर ‘आवश्यक वाटल्यास अँजिओप्लास्टी’ (फुग्याने वाहिनी रुंद करून बहुधा स्टेंट बसवणे) अशी ओळ आहे का, हे सहीपूर्वी पाहावे. रुग्ण टेबलावर आडवा असताना बाहेर बसलेल्या नातेवाइकाला पडद्यावरचा अरुंद भाग दाखवून ‘आता काय करायचे?’ असे विचारणे मला अन्यायाचे वाटते. कोणत्या परिस्थितीत त्याच वेळी स्टेंट बसवायचा आणि कोणत्या परिस्थितीत अँजिओग्राफीची चित्रफीत घेऊन दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाचे मत घ्यायचे, हे आदल्या दिवशी डॉक्टरांशी बोलून त्याच कागदावर लिहून घेता येते.

आपला,
एक वाचक