नाशिकच्या मिलिंदास, मुक्ताच्या पाठीविषयी

पुणे,
रविवार

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

इकडे सर्वांची प्रकृती ठीक आहे. माझा रक्तदाब गोळ्यांच्या आज्ञेत आहे आणि आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. पत्रास कारण की, मुक्ताच्या पाठीचा एमआरआय झाला, आणि डॉक्टरांनी दुखण्याचे नाव उच्चारताच मला सर्वांत आधी तू आठवलास. स्पॉन्डिलोलिस्थेसिस. शेजारी बसलेली मुक्ता तत्काळ म्हणाली, "म्हणजे नॅशला होतं तेच." बास्केटबॉलपटू स्टीव्ह नॅश डॉक्टरांना ठाऊक नसावा; त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "हे तुमच्या आईकडचे की वडिलांकडचे?" हे दुखणे काही घराण्यांत अधिक आढळते, तेव्हा प्रश्न अगदी योग्य होता, पण मला हसू आवरेना, आणि तिच्या आईने माझ्याकडे असे पाहिले की परतीच्या वाटेवर रिक्षात कोणी कोणाशी बोलले नाही. यातली गंमत आणि यातली भीती एकदम कळेल असे माणूस मला आता पुण्यात उरलेले नाही. बंड्याला फोन केला होता, तर त्याने मला गादी बदलायला सांगितले.

दुखणे तसे सौम्य आहे. कमरेचा सर्वांत खालचा मणका त्याखालच्या हाडावरून किंचित पुढे सरकला आहे, आणि हे सरकणे पाव भागापेक्षा कमी असल्यामुळे डॉक्टर त्याला पहिली श्रेणी म्हणतात. वाढीच्या वयात ज्यांची पाठ पुन्हापुन्हा मागे वाकते, अशा जिम्नॅस्ट मुलींना आणि वेगवान गोलंदाजांना मणक्याच्या मागच्या बाजूस बारीक तडा जाऊन हे होते, आणि आमच्या बाईसाहेब बास्केटबॉल खेळून त्या पंगतीत जाऊन बसल्या आहेत. शस्त्रक्रियेचा प्रश्न नाही. तीन महिने कोर्ट बंद, पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम, मांडीच्या मागचे आखडलेले स्नायू सैल करणे, आणि "मग पाहू". या "मग पाहू"वरून घरात दोन तट पडले आहेत. तिची आई म्हणते की बारावीचे वर्ष आहे, खेळ झाला तेवढा पुरे. मुक्ता म्हणते की हाच मणका घेऊन स्टीव्ह नॅश २००५ आणि २००६ साली लागोपाठ एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा निदान बाबांनी तरी काही बोलू नये. बाबांनी तिला लहानपणी वरणभाताबरोबर याच कथा भरवलेल्या असल्यामुळे बाबा गप्प आहेत.

गप्प असलो तरी झोप लागेपर्यंत मी त्या माणसाची कारकीर्द पहिल्यापासून मनात लावून पाहतो, आणि बापाच्या नजरेने पाहिले की ती निराळीच दिसू लागते. आपल्याला त्यात नेहमी नवल दिसायचे. जोहान्सबर्गला जन्मलेला, कॅनडातल्या व्हिक्टोरियात वाढलेला, आधी फुटबॉल आणि आइस हॉकीत रमलेला हा मुलगा. त्याच्या शाळेच्या प्रशिक्षकाने तिसाहून अधिक अमेरिकन विद्यापीठांना पत्रे आणि चित्रफिती पाठवल्या, आणि शिष्यवृत्ती देऊ केली ती एकट्या सांता क्लाराने. त्या लहानशा विद्यापीठाने १९९३ साली विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, पंधरावे मानांकन असताना, दुसऱ्या मानांकनाच्या ॲरिझोनाला ६४-६१ असे हरवले, आणि पहिल्याच वर्षाच्या या पोराने अखेरच्या अर्ध्या मिनिटात लागोपाठ सहा फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे बिनअडथळ्याचे नेम, बास्केटात टाकले. ते सहा फ्री थ्रो आपण कितीदा खेळलो असू! आता मात्र माझे लक्ष त्या पत्रे लिहिणाऱ्या प्रशिक्षकाकडे जाते. मुक्ताचे सर तळमळीचे आहेत, पण त्यांच्या हाताखाली एवढी मुले आहेत की पाच फूट चार इंचांच्या, पाठ दुखणाऱ्या मुलीसाठी ते कोणाकडे आणि किती काळ शब्द टाकतील, हे मी त्यांना विचारूही धजत नाही.

१९९६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, फिनिक्सने त्याला पंधराव्या क्रमांकावर घेतले तेव्हा त्यांच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती. (तुझा लाडका खेळाडू जॉन स्टॉकटन १९८४ मध्ये सोळावा होता, हे तू सांगण्याआधी मीच लिहून टाकतो.) केव्हिन जॉन्सन आणि पुढे जेसन किड यांच्या मागे बाकावर बसून त्याने दोन हंगाम काढले, १९९८ मध्ये त्याची रवानगी डलासला झाली, आणि तिथेही पहिल्या हंगामात दुखापती आणि हुकणारे नेम यांपायी घरच्याच प्रेक्षकांनी त्याला बोल लावले. मुक्ताला हुर्योचे हे सारे प्रसंग तोंडपाठ आहेत, कारण आपल्यालाही पुढे असेच होईल अशी तिची समजूत आहे. तिला हे सुचत नाही की त्या पडत्या वर्षांत त्याच्या हाती करार होता. तो खेळला नाही तरी त्याचे वेतन थांबत नव्हते, त्याच्या पाठीकडे पाहायला संघाचे डॉक्टर होते, आणि दिवसभरात त्याला दुसरे काही करायचे नव्हते. आपल्याकडे बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलीची व्यावसायिक कारकीर्द म्हणजे मुख्यतः रेल्वेची नोकरी. आपल्या पुण्याची शिरीन लिमये रेल्वेकडून आणि भारताकडून खेळली, आणि मुक्ताच्या टेबलावर तिचेच छायाचित्र आहे. मला त्या वाटेचा अभिमान आहे, परंतु त्या वाटेच्या तोंडाशी वैद्यकीय तपासणी आहे, आणि तिथे बसलेल्या माणसाला नॅशचे सर्वोत्तम खेळाडूचे दोन किताब सांगून काय उपयोग होणार?

आता २००४ कडे येतो, कारण माझी खरी अडचण तिथे आहे. नॅश तेव्हा तीस वर्षांचा होता, पाठीची कुरकुर सर्वांना ठाऊक होती, आणि डलासचे मालक मार्क क्यूबन यांनी फिनिक्सने देऊ केलेल्या रकमेची बरोबरी करायला नकार दिला. व्यवहार म्हणून पाहिले तर तो माणूस चुकला असे म्हणता येणार नाही. मीही मुक्ताच्या बाबतीत आज तेच गणित मांडतो आहे. आणि मग काय झाले ते तुला ठाऊकच आहे: आदल्या हंगामात २९ सामने जिंकलेल्या फिनिक्सने नॅश आल्यावर ६२ जिंकले, आणि पुढे प्लेऑफमध्ये त्याने डलासलाच घरी पाठवले. एवढी एकच गोष्ट ऐकली असती तर मी मुक्ताला उद्याच बूट बांधून दिले असते.

पण तू आणि मी ते सामने पाहिले आहेत. सकाळी आठला बंड्याकडे पोहे खात, कचेरीला उशीर करून, आपण काय पाहत होतो? नॅश बाहेर आला की बाकाशेजारी जमिनीवर उताणा पडायचा, कारण खुर्चीत बसून पाठ आखडली तर पुन्हा आत जाणे अवघड व्हायचे. "उठवा रे कोणीतरी, तुझा हिरो झोपला," असे तू दर सामन्याला म्हणायचास, आणि मी दर सामन्याला चिडायचो. सध्या मुक्ता दिवाणखान्यात चटईवर तशीच पडून पाठांतर करते, आणि तिच्यावरून ओलांडून जाताना मला तुझे ते वाक्य ऐकू येते. (होय, तिच्या आईचा माझ्यावर असलेला रोष या पडण्याच्या ऐटीमुळेच वाढला आहे.)

स्टॉकटनचा मुद्दा तू काढणारच, म्हणून तो इथेच संपवू. एकोणीस हंगाम, एकच संघ, सतरा हंगामांत एकही सामना चुकवलेला नाही, एकूण चुकले ते २२; १५,८०६ असिस्ट, म्हणजे सोबत्याला बास्केट करू देणारे पास, त्यांच्या जवळपास आजही कोणी नाही. मान्य. १९९८ ची फायनल त्याचा संघ हरल्यावर तू आठवडाभर कोणाशी बोलला नाहीस, तेही मान्य. परंतु त्या शरीराचा दाखला देऊन कोणत्याही बापाला काही ठरवता येत नाही, कारण तसे शरीर लाखांत एकाला मिळते. शिवाय तू स्वतःला स्टॉकटन म्हणवून घ्यायचास, तेव्हा मी आपोआप त्याचा सोबती कार्ल मलोन ठरायचो, आणि या मलोनला आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामन्यात, डाव्या बाजूला पूर्ण मोकळा उभा असताना, शेवटचा पास मिळाला नव्हता. नाशिकला राहून नॅशला नावे ठेवणाऱ्या माणसाकडून मी आणखी काय अपेक्षा करावी!

मुक्ताशी मी एकदा बोललो. तिला म्हणालो की नॅश या पाठीने खेळला याला काही अर्थ नाही, तो या पाठीसाठी रोज काय करत होता ते पाहा. फिनिक्समध्ये ॲरन नेल्सन यांचा प्रशिक्षकवर्ग होता, जो जुन्या खेळाडूंची शरीरे टिकवण्यासाठी साऱ्या लीगमध्ये नावाजलेला होता. व्हँकूव्हरचे फिजिओथेरपिस्ट रिक सेलेब्रिनी त्याच्यासाठी स्वतंत्र काम करत. त्याने साखर सोडली. फ्री थ्रोच्या ओळीवर उभा राहिला की चेंडू हातात येण्याआधी रिकाम्या हाताने तो नेमाचा सराव करायचा, आणि तेवढ्या काटेकोरपणाने त्याने साऱ्या कारकिर्दीत ९० टक्क्यांहून अधिक फ्री थ्रो बास्केटात टाकले. तिने सर्व शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "मग मला सेलेब्रिनी आणून द्या." कर्वे रस्त्यावरच्या आमच्या फिजिओ बाई उत्तम आहेत, पण त्यांच्याकडे दारात आजोबांची रांग असते आणि मुक्ताच्या वाट्याला अर्धा तास येतो. तरी ती व्यायाम चुकवत नाही, हेही लिहिले पाहिजे. बर्ड-डॉग नावाचा एक प्रकार आहे, एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय उचलून स्थिर राहायचे. तो ती पहाटे गजर लावून करते. तिचा हा निश्चय पाहिला की मला आनंद होण्याऐवजी धास्ती वाटते.

कारण मला शेवटही माहीत आहे. २००७ चा सॅन अँटोनियोविरुद्धचा पहिला सामना आठव: नाकातून वाहणारे रक्त थांबेना, म्हणून शेवटच्या निर्णायक क्षणी त्याला बाहेर बसावे लागले, पुढे चौथ्या सामन्यात त्यांच्या हॉरीने त्याला टेबलावर ढकलले आणि बाकावरून उठल्याबद्दल त्याच्याच दोन सोबत्यांना एका सामन्याची बंदी झाली. तो एकदाही फायनल खेळला नाही. २०१२ मध्ये तो लेकर्स संघाकडे गेला, दुसऱ्याच सामन्यात प्रतिस्पर्धी लिलार्डशी टक्कर होऊन पाय मोडला, आणि त्यानंतर मज्जातंतूंच्या वेदनांनी त्याला नीट उभे राहू दिले नाही. पुढच्या हंगामात तो जेमतेम १५ सामने खेळला. आणि २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये, १८ हंगाम खेळून झाल्यावर, त्याची पाठ गेली ती सामानाच्या बॅगा उचलताना. ती बातमी मी तुला फोनवर वाचून दाखवली होती आणि तू, चक्क तू, काही बोलला नव्हतास. पुढच्या मार्चमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. १०,३३५ असिस्ट, २०१८ मध्ये हॉल ऑफ फेम, सर्व काही मिळाले. पण त्याच्याकडे मिळवलेले इतके होते की बॅग उचलताना पाठ गेल्याचे दुःख त्यात सामावून गेले असेल. सतराव्या वर्षी ज्या मुलीने अजून काहीच मिळवलेले नाही, तिने चाळिशीची पाठ कशाच्या बदल्यात गहाण टाकायची, हे मला तिच्या वतीने ठरवता येत नाही, आणि तिला ठरवू द्यायलाही धीर होत नाही.

म्हणून तुझ्याकडे एक मागणे आहे. तुझ्या गुडघ्याविषयी मी तिला कधीही काही सांगितलेले नाही. मिलिंदकाका एके काळी पुण्यातला सर्वांत चपळ पॉइंट गार्ड, म्हणजे संघाची चाल रचणारा खेळाडू, होता आणि मग नाशिकला नोकरीला गेला, एवढेच तिला माहीत आहे. ते इंजेक्शन, तो अंतिम सामना आणि नंतरचे वर्ष, हे सांगायचे की नाही हा अधिकार तुझा आहे. तू सांगितलेस आणि त्यावर "तरीही मी खेळलो हे बरेच झाले" असे म्हणालास, तरी माझी हरकत नाही. मला खरोखरच माहीत नाही तू काय म्हणशील, कारण इतक्या वर्षांत मी तुला ते विचारलेले नाही. तिची आई मात्र गृहीत धरून चालली आहे की तू तिच्या बाजूने बोलशील.

तुझ्या बढतीचे बंड्याकडून कळले, मनःपूर्वक अभिनंदन. गंगापूर रोडच्या घराचे रंगकाम संपले का? सुलभावहिनींना नमस्कार, चिन्मयला आशीर्वाद. त्याला म्हणावे, सीए फाउंडेशन एकदा हुकली म्हणून तोंड लपवायचे कारण नाही, मामा तीनदा बसले होते.

मुक्ताला फोन करणार असशील तर रात्री साडेआठनंतर कर, तोवर क्लास असतो. सुरुवात स्टॉकटनपासून करू नकोस, ती फोन ठेवून देईल. आणि त्या शेवटच्या पासचा विषय तिने काढला, तर मी मोकळा उभा होतो हे एकदाचे मान्य कर.

तुझा,
श्रीकांत