दिवाळी ते शिमगा गुरे बांधा, मग भाजी लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हिवाळी भाज्यांच्या लागवडीवरचा लेख वाचला. कोबी-फ्लॉवरची रोपे कधी करावीत, मेथी-पालकाच्या दोन ओळींत किती अंतर ठेवावे, ठिबकच्या नळ्या कशा टाकाव्यात, सगळे नीट सांगितले आहे. शहरातल्या गच्चीसाठी ते उपयोगी पडेलच. आमच्या रायगडातल्या खेड्यात मात्र हिवाळी भाजी बियाण्यावाचून अडत नाही, पाण्यावाचून तर मुळीच नाही. ती अडते गुरांच्या गळ्यातल्या दाव्यावाचून.

कोकणातली रब्बी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हळवे भात दसऱ्याच्या आसपास कापणीला येते, गरवे दिवाळीनंतर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस प्यालेली खाचरे भात उचलले म्हणून लगेच कोरडी होत नाहीत. वरची माती पांढरट दिसू लागते, पण टाचेने उकरले की चार बोटे खाली ओल हाताला लागते. त्या ओलीवर वाल टोकायचा आणि विसरायचे. पुढे एक पाणी द्यावे लागत नाही. सोटमूळ ओलीच्या मागे खाली उतरते, वरून पहाटेचे दव मिळते. देशी वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलावर येत नाही. आषाढात लावला तर नुसता वेल माजतो. म्हणजे त्याचा हंगाम हाच, आणि तोही थोडक्या दिवसांचा. नोव्हेंबर सरला की ओल पळते, उशिरा टोकलेले रोप वीतभर होऊन करपते. मळभ आले तर मावा पडतो, तेव्हा सकाळी दव असताना चुलीतली राख फुंकायची. एवढीच काय ती मेहनत. जानेवारीत शेंगा भरल्या की भांबुर्ड्याचा पाला, ओवा, मीठ घालून शेंगा मडक्यात भरायच्या, मडके उपडे घालून भोवती जाळ करायचा आणि पोपटी लावायची. आता मुंबईची मंडळी पोपटी खायला गाड्या घेऊन येतात, आणि शेंगा मात्र बाजारातून विकत आणाव्या लागतात! अलिबागेकडे कार्ले-खंडाळ्याचा पांढरा कांदाही भात निघाल्यावरच त्याच जमिनीत उभा राहतो, आणि त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आमची खाचरे तेव्हा ओस असतात.

कारण उनाड गुरे. वाल तीन-चार पानांवर आला की रात्री गुरे शिरतात. खातात थोडे, तुडवतात फार. सकाळी पाहावे तर भुसभुशीत मातीत खुरांचे खळगे आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी दाबलेले रोप. कुंपण घाला म्हणणे सोपे आहे. आमची खाचरे पाच-दहा गुंठ्यांची, तीही तीन ठिकाणी विखुरलेली, बांध सामाईक. करवंदीच्या काट्या तोडून लावायला माणूस मिळत नाही आणि जाळीचा खर्च वालातून निघत नाही. शिवाय सगळ्या शिवारात एकट्याचेच शेत हिरवे असले की गावची झाडून सारी गुरे तिकडेच. सगळ्यांनी पेरले तर सगळ्यांचे राहते, एकाने पेरले तर त्याचे जाते. म्हणून पुढच्या वर्षी तोही पेरत नाही.

पूर्वी गावकी बसायची. गुरे कधीपर्यंत बांधून ठेवायची, पाळीने कोण चारायला नेणार, सगळे तिथे ठरायचे आणि ते मोडायची कुणाची छाती नव्हती. पॉवर टिलर आला, बैलांची गरज संपली. तरुण मुले कारखान्यात नाहीतर मुंबईत, गुराखी कुठून मिळणार? दूध न देणारी गाय घरात कोणी ठेवत नाही, विकवतही नाही, मग तिला मोकळी सोडतात. हीच गुरे रात्री मुंबई-गोवा महामार्गावर बसतात आणि दुचाकीवाले त्यांवर आदळतात.

माझे म्हणणे साधे आहे. 2 ऑक्टोबरला ग्रामसभा होते. तेव्हा भात अजून शेतात उभे असते आणि वालाचे बी मडक्यात. त्याच सभेत ठराव करावा: दिवाळी ते शिमगा गुरे बांधून किंवा राखणीत, आणि मोकाट सापडेल ते कोंडवाड्यात. कोंडवाड्याची तरतूद 1958च्या ग्रामपंचायत अधिनियमात आहे, नवा कायदा नको. नुसत्या पडक्या भिंती उभ्या कराव्या लागतील. दंड वसूल करताना भावकी आडवी येते हे मलाही कळते, म्हणून तर ठराव सभेचा हवा. एकट्या शेतकऱ्याने शेजाऱ्याचे जनावर कोंडवाड्यात नेले तर वर्षभराचे बोलणे बंद होते.

गुरे बांधली तर खाणार काय, असे विचारतील. पेंढा आहे, तो शेतात न कुजवता उडवी रचून ठेवावा. वाल मळल्यावर त्याचा भुसाही गुरे आवडीने खातात. माकडे आणि रानडुकरे यांचे काय, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो ग्रामसभेच्या हातातला नाही. पण जे हातात आहे तेही आपण करत नाही.

कृषी खात्यालाही एक सुचवावेसे वाटते. असा ठराव करणाऱ्या गावांना वाल-पावट्याचे बियाणे आधी द्यावे, आणि ते भात कापणीच्या आत गावात पोहोचवावे.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. रोहा, जि. रायगड