डायनासोरला बेस हवा, पण सुटा

संपादक महोदय,

संग्रहासाठी घेतल्या जाणाऱ्या डायनासोरच्या प्रतिकृतींना बेस असावा की नसावा, हा वाद बहुतेकदा दिसण्यावरच अडतो. खरा प्रश्न पायांचा आहे. ट्रायसेराटॉप्ससारख्या चारपायी प्राण्याला बेस नसला तरी काही अडत नाही. तिथे तो म्हणजे खोकं मोठं करायची हौस. दोन पायांवरच्या मांसाहारींचं तसं नाही.

टायरॅनोसॉरस साधारण 12 मीटर लांब. 1:40 प्रमाणात तो 30 सेंटिमीटर होतो आणि सगळा भार करंगळीएवढ्या दोन घोट्यांवर येतो. पूर्वी शेपूट जमिनीला टेकवून तिचाच तिसरा पाय करायचे. पाठ आडवी आणि शेपूट अधांतरी, ही ठेवण रूढ झाली आणि ती सोय गेली. मग काही कंपन्या पावलं फताडी करतात. तोल राहतो, पण प्राणी बदकाच्या पायांचा दिसतो. पीएनएसओ ही प्रतिकृती बनवणारी चिनी कंपनी पोटाखाली लावायला पारदर्शक काडी देते, ते बरं.

आधार लागतोच, कारण या प्रतिकृती ज्या प्लास्टिकच्या असतात तो मऊ पीव्हीसी उष्णतेने सैल पडतो. कपाटातल्या दिव्याखाली ठेवलेला प्राणी हळूहळू घोट्यातून पुढे झुकतो आणि एक दिवस शेजारच्या दोघांना घेऊन नाकावर आपटतो. उकळून जरा निवलेल्या, 70-80 अंशांच्या पाण्यात पाय मिनिटभर बुडवून, जितका हवा असेल त्याहून किंचित जास्त मागे वाकवून लगेच बर्फाच्या पाण्यात धरला तर तो सरळ होतो. पुन्हा ऊब लागली की पुन्हा वाकतो, हेही तितकंच खरं. काडी लावायची तर छातीखाली, नितंबांच्या पुढे लावावी. लांब झाली तर पावलं उचलली जातात, आखूड झाली तर ती नुसती शोभेला. टोकाला फेल्टचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, तुकडा लावला नाही तर मऊ पोटात खळगा पडतो.

बेस द्यायचाच तर सुटा, सपाट आणि पातळ द्यावा. खडक, नेचे, अर्धवट खाल्लेलं सावज असला घडीव बेस फळीवर दोघांची जागा खातो आणि दुसऱ्या देखाव्यात बसत नाही. त्यातही बेस स्टायरीन या कडक प्लास्टिकचा असेल तर पीव्हीसीतून झिरपणारा प्लास्टिसायझर, म्हणजे पीव्हीसी मऊ ठेवणारं द्रव्य, त्याला मऊ करतो, तळवे चिकटतात आणि उचलताना रंग सोलून येतो. मध्ये पॉलिथिनचा पातळ तुकडा घालणं एवढंच हाती उरतं.

सगळ्यात आधी दगा देते ती तळव्याच्या भोकात बसणारी बेसवरची खुंटी. बेसबरोबरच ओतलेली प्लास्टिकची खुंटी तिरकं उपसताना बुडातून मोडते. त्याऐवजी 2 मिलिमीटरची स्टीलची सळई द्यावी, तळव्याचं भोक तिच्याच मापाचं ठेवावं. भोक सैल झालं तर सळईला टेफ्लॉन टेपचे दोन वेढे पुरतात. गोंद घालू नये, नाहीतर सुटा बेस कायमचा होतो. आणि सळईचं माप खोक्यावर छापावं, म्हणजे हरवली तर हार्डवेअरच्या दुकानातून दुसरी आणता येईल.

— एक संग्राहक