हबशी मुलखाच्या ख्रिस्ती राजांविषयी माधवला पत्र

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. जंजिऱ्याचे सिद्दी आणि मलिक अंबर यांच्याविषयी वाचताना तुला पडलेला प्रश्न रास्त आहे: हबशी मुलखात, म्हणजे इथिओपियात, शतकानुशतके ख्रिस्ती राजे होते, तर आपल्याकडे आलेले हबशी बहुतेक मुसलमान कसे? थोडक्यात सांगायचे तर तिथे सिंहासन आणि चर्च ख्रिस्त्यांच्या हाती होते, पण समुद्राकडे उतरणाऱ्या वाटांवर मुसलमान व्यापाऱ्यांची पकड होती. एवढ्याने तुझे समाधान होणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

1270 मध्ये येकुनो अमलाकने झाग्वे घराण्याचा पाडाव करून इथिओपियाची गादी मिळवली. त्याच्या वंशजांनी आपली परंपरा राजा सोलोमन आणि शेबाच्या राणीपर्यंत नेऊन भिडवली. मठांनी या दाव्याला धर्माचे बळ दिले, तर राजांनी मठांना गावांचा महसूल तोडून दिला. आपल्याकडची देवस्थान इनामे डोळ्यांपुढे आणलीस म्हणजे हा व्यवहार लगेच कळेल. कायमची राजधानी बहुधा नसे. हजारो माणसांचा दरबार तंबू ठोकून राही आणि त्या भागातले धान्य संपत आले की पुढे सरके.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती धर्मसत्तेची अडचण. चर्चचा मुख्य धर्मगुरू, ज्याला अबुना म्हणत, तो देशातला नसेच; अलेक्झांड्रियाचा कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या ख्रिस्त्यांचा, धर्मप्रमुख त्याला इजिप्तमधून पाठवी, आणि त्यासाठी कैरोच्या मुसलमान सुलतानाची मर्जी सांभाळावी लागे. नवे पुरोहित दीक्षित करण्याचा अधिकार अबुनालाच असल्यामुळे, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे पद वीसेक वर्षे रिकामे राहिले तेव्हा चर्चचे अक्षरशः हाल झाले. झारा याकोबसारखा करारी सम्राट (1434 ते 1468), ज्याने प्रजेच्या कपाळावर पवित्र त्रयीचे (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) नाव असावे असा हुकूम काढला होता, त्यालाही इजिप्तमधला एक मठ पाडला गेल्यावर 1443 मध्ये सुलतानाला निषेधाचे पत्र पाठवण्यापलीकडे फारसे काही करता आले नाही. नाईलचे पाणी आपण अडवू शकतो, असे त्याने त्या पत्रात सूचित केले होते. धमकी मोठी होती, पण ती अमलात आणण्याचे साधन त्याच्याकडे नव्हते.

व्यापाराचेही तसेच होते. सोने, हस्तिदंत आणि गुलाम खाली किनाऱ्याकडे जात. रेशीम, शस्त्रे आणि भारतातले कापड वर येई. या वाटांवर इफात आणि पुढे अदाल या मुसलमान सल्तनती होत्या, आणि झैला हे त्यांचे मुख्य बंदर. सम्राट अम्दा सेयोनने 1332 मध्ये इफातचा सुलतान सब्र-अद-दीन याचा पराभव केला, पण त्याच्या जागी बसवले ते त्याच्याच भावाला, जमाल-अद-दीनला. काही इतिहासलेखक यात सम्राटाचे औदार्य पाहतात. मला तो हिशेबीपणा वाटतो, कारण व्यापारी हाकलले असते तर जकात कोणाकडून वसूल करायची? देशात स्वतःचे नाणेही उरले नव्हते. उत्तरेकडच्या खोलगट वाळवंटातून काढलेल्या मिठाच्या वड्या चलन म्हणून चालत. सहा वर्षे तिथे राहिलेला पोर्तुगीज पाद्री आल्वारिश सांगतो की खाणीजवळ एक द्राम (एक लहानसे वजन) सोन्याला शंभराहून अधिक वड्या मिळत, आणि दूर दरबारापाशी जेमतेम सहा-सात.

याच वाटांनी माणसेही विकली गेली. सुमारे 1548 मध्ये जन्मलेला मलिक अंबर, मूळ नाव चापू, अरब बाजारांत हातोहात विकला गेला, बगदादच्या मालकाकडे मुसलमान झाला आणि अखेर अहमदनगरचा पेशवा चंगीझखान, जो स्वतः हबशीच होता, त्याने त्याला विकत घेतले. तुझ्या प्रश्नाचे उत्तर या प्रवासातच आहे: धर्म बदलला तो बहुधा वाटेवर.

किनारा आपल्या हाती नाही हे दरबाराला पक्के कळले होते. झारा याकोबने तांबड्या समुद्रावरच्या मस्सावा बंदरासमोरच्या किनाऱ्यावर स्वतःचे ठाणे वसवून पाहिले; राणी एलेनीने त्याहून लांबचा विचार केला. तिने मॅथ्यू नावाच्या दूताला पोर्तुगालकडे धाडले. तो 1512 मध्ये कोकण किनाऱ्यावर उतरला, दाभोळला अडकला, आणि पोर्तुगीजांचा हिंदुस्थानातला गव्हर्नर आल्बुकर्क याने त्याला सोडवून गोव्यात थाटाने त्याचे स्वागत केले, कारण त्याच्याजवळ ख्रिस्ताच्या क्रुसाचा तुकडा असल्याचे सांगितले जात होते. पोर्तुगीजांचे उलट शिष्टमंडळ मस्सावाला पोचेपर्यंत 1520 उजाडले, आणि त्यांच्यासोबत परतलेला मॅथ्यू काही आठवड्यांतच वारला.

तोवर वेळ निसटत चालली होती. 1529 मध्ये अदालच्या इमाम अहमदने शिंब्रा कुरे येथे सम्राट लेबना देंगेलचा धुव्वा उडवला आणि पुढची बारा-तेरा वर्षे चर्च आणि मठ जळत राहिले. 1541 मध्ये गोव्याहून गेलेल्या पोर्तुगीज आरमाराने चारशे बंदूकधारी उतरवले. त्यांचा नायक क्रिस्तोव्हाँव द गामा मारला गेला, तरी 1543 मध्ये इमाम अहमद पडला आणि राज्य तगले. मस्सावा मात्र 1557 मध्ये तुर्कांनी घेतले.

दाभोळविषयीचे जुने कागद तुझ्या पाहण्यात आले असतील तर अवश्य कळव. घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
श्रीधर