ग्रामसभेआधी आळीआळीत बसा

महोदय,

ग्रामसभेला लोक येत नाहीत, ही तक्रार जुनीच आहे. पण माणसे जमली म्हणून प्रश्न सुटतो, असे मला वाटत नाही. आमच्या गावात मतदार पाच हजारांच्या वर. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते, म्हणजे आमच्याकडे शंभर. पाण्याचा विषय निघाला की पुढच्या रांगेतले चार-सहा जणच बोलतात. वरच्या आळीला पाणी का चढत नाही, कोणता व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो, हे ज्या बायकांना नेमके ठाऊक, त्या मागे भिंतीला टेकून गप्प बसतात. एवढ्या माणसांत त्या तोंड कसे उघडणार? ‘पाठपुरावा करण्याचे ठरले’ असे लिहून विषय संपतो.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या पाचशेच्या आसपास वस्तीच्या गोंड गावाने यावर फार पूर्वीच वाट काढली. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सगळ्यांना माहीत आहे. त्यामागचे अभ्यासगट फारसे कोणी सांगत नाही. ज्याला विषयात रस तो गटात बसतो, बाहेरचा जाणकारही चालतो. तिथे ठराव होत नाही, फक्त विषय समजून घ्यायचा. निर्णय ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीने. मधावर असाच अभ्यास झाला आणि मोहोळ नष्ट न करता मध काढण्याची पद्धत गावात आली. गटाच्या हाती अधिकार नाही, हीच मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. हार-जीत नसली की माणूस अर्धीकच्ची कल्पनाही मोकळेपणाने मांडतो.

‘नेचर’ नियतकालिकात २०१९ मध्ये आलेल्या अभ्यासात साडेसहा कोटींहून अधिक शोधनिबंध, पेटंट व सॉफ्टवेअर तपासले होते. नवी वाट पाडण्यात लहान चमू पुढे होते, तर मोठे चमू आधीच्या कल्पना पुढे नेत होते. गावालाही लहान बैठका आणि मोठी ग्रामसभा, दोन्ही लागतात.

मोठ्या गावात सर्वसहमती अवघड आहे, हे मान्य. पण ग्रामसभेआधी महिलासभा घ्यायची तरतूद आहेच. तशीच वाडी-वस्तीवर, आळीत दहा-पंधरा जणांची बैठक आठवडाभर आधी व्हावी आणि तिचे टिपण विषयपत्रिकेला जोडणे शासनाने बंधनकारक करावे. याला वेगळा निधी लागत नाही. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत निदान पाण्याच्या विषयापुरते तरी ग्रामपंचायतींनी हे आपणहून करावे.

— एक वाचक, जि. सातारा