मनू, त्या मण्यांबद्दल

प्रिय मनू,

फोन मुद्दाम नाही केला. व्हॉट्सॲपवर टाइप करायला घेतलं तर ते इतकं लांबत गेलं की म्हटलं सरळ पत्रच लिहू आणि मेल करू. तुला वाटेल तेव्हा वाच, अर्धं वाचून ठेवून दिलंस तरी चालेल, वाचलंस का म्हणून मी विचारणार नाही.

तीन आठवड्यांपूर्वी तू म्हणालीस, "तू माझी विचारपूस नाही करत, तपासणी करतेस," आणि फोन ठेवलास. मला खूप राग आला होता. काका गेल्यापासून मी रोज सकाळी नऊ आणि रात्री दहा, एक दिवस न चुकवता तुला फोन करत होते, जेवलीस का झोपलीस का गोळी घेतलीस का, आणि वर दरवेळी सांगत होते की मला काही त्रास नाही होत गं, तू कशीही वाग, मी आहे. आणि त्यावर हे ऐकायचं? दोन दिवस मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते. तिसऱ्या रात्री झोपच येईना म्हणून फ्रूट्स बास्केट, आपला तो मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, परत वाचायला घेतलं, एकपासून, तेवीसच्या तेवीस व्हॉल्यूम वाचायचे असं ठरवून, आणि सहाव्यापाशी येऊन मी थांबले ती थांबलेच.

२०१९ ला तुझ्या त्या बिजागर तुटलेल्या लॅपटॉपला उशीचा टेकू देऊन आपण त्याचाच ॲनिमे, म्हणजे ॲनिमेशन मालिका, बघायचो ते आठवतंय ना? मग २०२० ला दुसरा सीझन आला तेव्हा लॉकडाऊन, तू साताऱ्याला मी नांदेडला, फोन कानाला लावून एक दोन तीन म्हणून एकदम प्ले दाबायचो आणि माझं नेट अडकलं की तू थांबायचीस. तेव्हा तुझं एकच म्हणणं असायचं की तोहरू, त्यातली नायिका, खोटी वाटते, एवढं गोड कोणी नसतं, ही मांगावाल्यांनी बनवलेली आदर्श मुलगी आहे जी राक्षसाला मिठी मारते आणि राक्षस बरा होतो. मी वाद घालायचे पण मला नीट मांडता यायचं नाही. आता येतंय असं वाटतं. तुला सगळं पाठ आहे तरी मी परत सांगतेय, कारण सांगता सांगताच मला ते कळत गेलंय.

सहाव्या व्हॉल्यूममध्ये काझुमा, क्योचा गुरू, ज्याने त्याला लहानाचं मोठं केलं, तो भर पावसात क्योच्या मनगटातली ती मण्यांची माळ काढून टाकतो. क्यो ज्या सोहमा घराण्यातला त्यातल्या काही जणांवर प्राण्यांचा शाप आहे. बाकीच्या शापितांना मिठी मारली की ते उंदीर, ससा, कुत्रा होतात, ते बघायला गोंडस वाटतं. पण क्योवरचा मांजराचा शाप वेगळा. माळ निघाली की क्योचं ते खरं रूप बाहेर येतं, वाकडंतिकडं, आणि त्याला सडलेल्या मांसासारखा वास. आणि तोहरू घाबरते. हे आपण दोघी विसरलो होतो बघ! ती घाबरते, तिला मळमळतं, पाय लटपटतात. आणि तरी ती त्याच्या मागे रानात जाते आणि त्याला सांगते की हो, मला भीती वाटली. मी तुझ्यावर जीव टाकते, तू मला सुंदरच दिसतोस असलं काही ती बोलत नाही. ती काय मागते तर एकत्र जेवायचं, अभ्यास करायचा, घरी जायचं, एकमेकांना आपली गाऱ्हाणी सांगायची. एवढंच.

आणि त्याच्या शेजारीच ताकाया, हा मांगा लिहिणारी, आपल्याला क्योची आई दाखवते. ती आई त्याला सारखी सांगायची की माझं तुझ्यावर खूप प्रेम आहे, तुझ्यासाठी मी मरेनसुद्धा, तुझं ते रूप मला मुळीच भीतीदायक वाटत नाही. आणि दिवसातून कितीतरी वेळा त्याचा हात धरून मणी जागेवर आहेत ना ते बघायची. त्याला लोकांसमोर जाऊ द्यायची नाही. क्यो आठवतो तेव्हा त्याला हेच खुपत असतं, की तिने खरं बोलायला हवं होतं, भीती वाटते असं म्हणायला हवं होतं, आपण दोघं मिळून घाबरलो असतो. ती वाईट बाई नाहीये मनू. तिचं प्रेम आहे. पण ते ज्या मुलावर आहे तो मुलगा मणी घातलेला आहे, आणि मणी काढलेल्या मुलाकडे तिने कधी बघितलंच नाही.

हे पान रात्री दोन वाजता माझ्यासमोर होतं आणि मला तुझा फोन आठवला. नऊ आणि दहा. जेवलीस का, झोपलीस का, गोळी घेतलीस का. मी तुझे मणी मोजत होते गं.

खरं सांगू का, मला भीती वाटत होती. तुझा आवाज त्या महिन्यात असा सपाट झाला होता की फोन लागेपर्यंत माझ्या पोटात गोळा यायचा, आणि तू "हं" म्हणालीस की मी ताबडतोब गोळीचं विचारायचे कारण गोळी घेतली म्हणजे सगळं ठीक, म्हणजे मला आता झोपता येईल. तू काकांचं काही बोलायला लागलीस की मी विषय बदलायचे. एकदा तू म्हणालीस की त्यांच्या शर्टाला अजून वास येतो म्हणून तू कपाट उघडत नाहीस, आणि मी म्हणाले अगं चहा घे, बरं वाटेल. ते वाक्य मला आजही टोचतं. तू दार उघडलं होतंस आणि मी चहा घे म्हणाले.

तोहरूबद्दलचं तुझं म्हणणं अर्धं बरोबर होतं हेही मला यावेळी दिसलं. ती एवढं अदबीने, एवढं मऊ का बोलते ते पुढे कळतं ना, तसं बोलायचे तिचे वडील. ते गेले आणि आई पार कोसळली, तेव्हा एवढ्याशा तोहरूला वाटलं की आपण बाबांसारखं बोललो तर आई आपल्याला सोडून जाणार नाही. म्हणजे ज्या गोडव्याला आपण तिचा स्वभाव समजतो तो एका घाबरलेल्या पोरीने धरलेला दोर आहे. आणि मग आईही अपघातात गेल्यावर ती तिचा फोटो घेऊन तंबूत राहते, सगळ्यांशी हसते, आणि आतून तिला ही धास्ती की क्यो मला आईपेक्षा जास्त आवडायला लागला तर आई खरोखरच निघून जाईल. तिचीही एक माळ आहेच मनगटात, फक्त दिसत नाही. मला वाटतं म्हणूनच ती क्योसमोर खरं बोलू शकली.

अजून एक, शापाचीच गंमत बघ. इतर कुठल्याही रोमँटिक मांगात मिठी आली की आपल्याला कळतं की झालं, जमलं यांचं. इथे मिठी मारली की समोर मांजर! म्हणजे ताकायाने तो सोपा रस्ता पहिल्याच भागात बंद करून टाकला, आणि १९९८ ते २००६, आठ वर्षं, तिला प्रेम दुसऱ्याच गोष्टींतून दाखवावं लागलं. छपरावर शेजारी बसण्यातून. क्योला कांद्याची पात आवडत नाही हे घरात सगळ्यांना माहीत असण्यातून. रात्री ऑफिसची साफसफाई करून परतणाऱ्या मुलीला आणायला कोणीतरी जाण्यातून. मला आता वाटतं की मिठी सोपी असती तर यातलं काहीच आपल्याला दिसलं नसतं.

तुझा लाडका युकी, उंदराच्या शापाचा सोहमा. शाळेत त्याला सगळे प्रिन्स म्हणतात, फॅन क्लब आहे, त्या मुलींनी नियम केलेत, कोणी त्याच्या फार जवळ जायचं नाही. त्यांना वाटतं आपण किती प्रेम करतो. आणि युकीला वर्गात एक साधा मित्र नाही. मी हेही केलंय तुझ्याबाबतीत. कॉलेजपासून मी सगळ्यांना सांगत आले की मनू आमच्यातली सगळ्यात खंबीर, मनूला काही होत नाही, रडायचं असेल तर मनूकडे जा. कौतुकानेच म्हणायचे. पण मग तुला रडायचं होतं तेव्हा तू कुणाकडे जाणार होतीस?

युकी तोहरूवर प्रेम करतो असं आपण किती भाग धरून बसलो होतो, आणि मग तो काकेरूला, स्टुडंट कौन्सिलमधल्या मित्राला, सांगतो की त्याला तिच्यात आई दिसत होती, जी त्याला कधी मिळालीच नाही. ते कबूल करताना तो तोंड झाकतो, पण सांगतो. मला तो सीन फार मोठा वाटतो. त्याने स्वतःच्या भावनेला खोटं ठरवलं नाही आणि प्रेम म्हणून मिरवलंही नाही, ती जी होती तीच म्हणाला. आणि मग माची, कौन्सिलमधलीच एक मुलगी, जिला सगळं चकाचक, अखंड बघवत नाही. नव्या बर्फावर पाय देऊन ते मोडल्याशिवाय तिला चैन पडत नाही, कारण लहानपणी तिच्याकडून फक्त परफेक्टच मागितलं गेलं. तर युकी काय करतो, नव्याकोऱ्या खडूच्या पेटीतले खडू तिच्यासाठी मोडतो. सगळ्या २३ व्हॉल्यूममध्ये मला याहून प्रेमळ गोष्ट सापडत नाही. फुलं नाहीत, कविता नाही, मोडलेले खडू. तिला कशाने जीव घाबरा होतो ते त्याने आधी बघितलं होतं.

शेवटाबद्दल लिहायचं राहिलं. पहिल्या भागात आपल्याला शापामागची, बारा राशींच्या प्राण्यांची ती नेहमीची गोष्ट सांगतात, की उंदराने मांजराला फसवलं आणि मांजर देवाच्या मेजवानीला पोचलं नाही. आणि शेवटी कळतं की ते उलटं होतं. डोंगरावर एकट्या राहणाऱ्या, घाबरलेल्या देवाकडे सगळ्यात आधी गेलं ते मांजर. बाकीचे बारा मागून आले. मग मांजर मरायला टेकलं तेव्हा देवाने सगळ्यांशी कायमची गाठ बांधायचं ठरवलं, आपण सगळे पुन्हा पुन्हा जन्म घेऊ आणि कायम एकत्र राहू, आणि मांजराला ती गाठ बांधणाऱ्या दारूचा घोट पाजला. मांजर रडलं. त्याला कायमचं नको होतं. पुढच्या वेळी चांदण्या रात्री नको, उजेडात भेटू, तुला माणसांमध्ये हसताना बघायचंय, असं काहीसं ते म्हणालं. आणि बाकीच्यांनी त्याला गद्दार ठरवलं.

अकितोने, सोहमांची प्रमुख आणि या जन्मातला तो देव, त्याच कायमच्या गाठीला प्रेम समजून किती जणांची आयुष्यं मोडली. तिच्यामुळे हातोरीचा, म्हणजे त्या सोहमा डॉक्टरचा, एक डोळा जवळजवळ गेला, आणि त्याच्या काना नावाच्या प्रेयसीच्या आठवणी पुसाव्या लागल्या. तिलाही लहानपणापासून तेच सांगितलं होतं ना, की तू जन्मलीस तीच सगळ्यांचं प्रेम घेऊन, ते कधी जाणार नाही. बिचारीला कधी कुणाशी ओळख करून घ्यावीच लागली नाही. म्हणून शेवटी तोहरू तिला मैत्री करशील का विचारते तेव्हा मला रडू आवरत नाही, दरवेळी. हात पुढे करावा लागतो आणि समोरचा नाहीसुद्धा म्हणू शकतो, हे अकितोला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी दाखवलं.

तर मनू. मला तुझी भीती वाटली, तुझ्या त्या सपाट आवाजाची वाटली, आणि ते मी तुला सांगितलं नाही. आताही वाटते. काकांबद्दल तू बोलायला लागलीस तर मला काय बोलावं ते कळणार नाही, मला बाबा आहेत, मला ते दुःख माहीतच नाही. कदाचित मी रडेन आणि तुलाच मला सांभाळावं लागेल. मी चुकीचं काहीतरी बोलेन. त्रास होत नाही म्हणत होते ना, होतो. आणि मला तरी यायचंय.

शनिवारी सकाळच्या गाडीने निघते म्हणते. तुला नको असेल तर नको म्हण, मी खरंच रागावणार नाही, पुढच्या महिन्यात परत विचारेन. आणि ये म्हणालीस तर आपण कपाट उघडू, किंवा नाही उघडणार, दारापाशी नुसत्या बसू. जेवण मी करेन, तुला जमलं तर भाजी चिर. कांद्याची पात मी आणत नाही, तुलाही आवडत नाही हे मला क्योच्या आधीपासून माहितीये.

फोन आता नऊ-दहाला नाही करत. तुझा आला तर रात्री तीनलाही उचलेन.

तुझी,
शमू