अण्णांच्या केकवरची एस.टी.

सांगली,
गुरुवार, सकाळ

चि. सौ. सोनू हिस अनेक आशीर्वाद.

अण्णांच्या केकसाठी तू केलेल्या साखरेच्या एस.टी.चा काल रात्री पाठवलेला फोटो मी मोठा करून तीनदा पाहिला. पुढचे डावे चाक निखळले आहे, मागच्या शिडीचे तीन तुकडे झाले आहेत, चालकाचा हात खांद्यातून सुटला आहे आणि ‘रत्नागिरी–कोल्हापूर’ ही पाटी बरोबर दोन गावांच्या मधोमध मोडली आहे. याहून मोठे काही बिघडलेले मला तरी दिसले नाही. फोनवर तुझे रडणे चालू असल्यामुळे मी सांगितलेले निम्मे तुझ्या कानावर पडले नसेल, म्हणून सविस्तर लिहीत आहे. अण्णांचा वाढदिवस रविवारी संध्याकाळी आहे. तेव्हा सगळी गाडी नव्याने करण्याचा विचार आधी डोक्यातून काढून टाक.

चिकटवायला बसण्यापूर्वी कोणता तुकडा कशाने मोडला ते नीट पाहा, कारण ते कारण तसेच ठेवून केलेला जोड रविवारी पाहुण्यांदेखत पुन्हा सुटेल. तुझे चाक भाराने गेले आहे. एवढी जड गाडी तू चार चाकांवर उभी केलीस, तिथेच चूक झाली. केकवरच्या गाडीचे चाक हे दाखवण्यापुरते असते. भार खाली लपवलेल्या पुठ्ठ्याच्या जाड फळीने घ्यायचा असतो. फळीला चॉकलेटी फॉन्डंट, म्हणजे केकवर लावायचा साखरेचा मऊ लगदा, लावलास की ती सावलीत दिसणारही नाही. मग चाकाच्या मागे कच्च्या स्पॅगेटीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा अर्धा रुतवून उरलेला अर्धा गाडीच्या अंगात खुपस. टूथपिक वापरू नकोस, घरात लहान मुले आहेत.

शिडी आणि पाटी यांचे दुखणे वेगळे आहे. गम पेस्ट, म्हणजे वाळून घट्ट होणारी साखरेची कणीक, पूर्ण वाळली की पापडासारखी कडक होते आणि बोट लागले तरी तुटते. अशा वाळलेल्या कडांना नुसते पाणी लावू नकोस. पाण्याने साखर विरघळते, कडा बुळबुळीत होतात आणि तुकडा घसरत राहतो. तुझ्या दादाच्या पहिल्या वाढदिवसाला मी मोराची मान पाण्याने चिकटवली होती आणि केक कापेपर्यंत तो मोर बदकासारखा दिसू लागला होता. रॉयल आयसिंगने जोड पक्का बसतो खरा, परंतु श्रावण चालू आहे आणि त्यात अंड्याचा पांढरा भाग असतो. मेरँग पावडरही अंड्याचीच असते, हे पुष्कळ जणींच्या लक्षात येत नाही. तुझ्या सासूबाईंना नंतर कळण्यापेक्षा ते टाळलेलेच बरे. फॉन्डंटच्या पाकिटावर हिरवा ठिपका आहे ना, तेही एकदा पाहून घे. काहींत जिलेटिन असते.

त्याऐवजी दोन टेबलचमचे कोमट पाण्यात पाव चमचा टायलोज (खाण्याचा गोंद करायची पावडर) घालून झाकून ठेव. आधी गुठळ्या दिसतील, पण ढवळत बसू नकोस. काही तासांत त्या आपोआप विरघळून पारदर्शक गोंद तयार होतो. त्याच रंगाच्या गम पेस्टचा चिमूटभर गोळा या गोंदात घोटून श्रीखंडाइतका घट्ट कर, तो मोडलेल्या कडेला लाव, तुकडे जुळव आणि बाहेर आलेले जादा मिश्रण जवळजवळ कोरड्या ब्रशने पुसून घे. पाटीच्या मागच्या बाजूला मोडलेल्या हाडाला बांधतात तशी गम पेस्टची पातळ पट्टी आडवी लाव. ताटलीत तांदूळ पसरून त्यावर मलमलीचा तुकडा घाल आणि पाटी त्यावर उताणी ठेव, म्हणजे ती वाकणार नाही. पुढच्या बाजूने बारीक रेघ दिसेल, ती मी लपवली नसती. एस.टी.ची पाटी कधी कोरी करकरीत पाहिली आहेस का?

शिडी मात्र नवीनच कर आणि ती आजच कर, कारण या हवेत तेवढी जाड गम पेस्ट वाळायला दोन दिवस लागतील. दोन शिड्या केल्यास अधिक बरे.

चालकाचा हात ओलाव्याने सुटला आहे. तू सगळे तुकडे फ्रिजमध्ये ठेवलेस, आणि बाहेर काढताच रत्नागिरीच्या दमट हवेत त्यांच्यावर दव जमले. लाल रंग बाहीवर उतरला आहे तोही त्यानेच. हाताला खांद्याशी स्पॅगेटीचा तुकडा घालून वरच्या गोंदाने बसव आणि वाळेपर्यंत खाली कापसाचा टेकू दे. यापुढे तुकडे फ्रिजच्या बाहेर, पंख्याखाली ठेव. बॉनेटच्या कोपऱ्यावर भेगा पडल्या आहेत, तिथे बोटाला किंचित वनस्पती तूप लावून गोल गोल चोळ. बोटाच्या उबेने फॉन्डंट मऊ होतो आणि बारीक भेगा बुजतात.

वरून व्हिप्ड क्रीम लावण्याचा बेत असेल तर तो सोड. क्रीमवर टेकलेला गम पेस्टचा तुकडा ओल शोषून मऊ पडतो. दोन भाग डार्क चॉकलेटला एक भाग क्रीम घेऊन गनाश कर आणि तेच आतबाहेर लाव, म्हणजे शनिवारी रात्री केक एसीच्या खोलीत राहू शकेल. शिडी, पाटी आणि चालक रविवारी दुपारीच बसव.

धाकटीला पाटीवर ‘पुणे–अहमदनगर’ हवे होते, कारण १ जून १९४८ रोजी पहिली एस.टी. त्या मार्गावर धावली असे तिने शाळेत ऐकले आहे. तिला सांग की एस.टी. अण्णांपेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठी आहे, आणि अण्णांनी आयुष्यभर गाडी आंबा घाटातून नेली, म्हणून पाटी कोल्हापूरचीच राहील. इतके करूनही चाक बसलेच नाही, तर गाडी रस्त्याच्या कडेला घे, चाकाजवळ काळ्या फॉन्डंटचा छोटा जॅक ठेव आणि चालकाला खाली उतरव. अण्णांनी घाटात किती चाके बदलली असतील, ते त्यांनाच विचार.

तुझे बाबा आणि मी शनिवारी सकाळच्या एस.टी.ने निघतो. टायलोजची डबी आणि दोन जादा चाके मी मांडीवरच्या डब्यात घेऊन येते.

तुझी,
आई